मानेखालचा हात

"ताई, आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, मी घरी शिकवण्या घेते. मोठा मुलगा सहा वर्षांचा, धाकटी अकरा महिन्यांची. गेल्या दसऱ्याला आम्ही पहिली गाडी घेतली. छोटीच आहे, पण आता वणीला गडावर, सिन्नरला माझ्या माहेरी, रविवारी मखमलाबादकडे मिसळ खायला, सगळीकडे गाडीनेच जातो. मागे बसलं की सासूबाईंना मळमळतं, म्हणून त्या पुढे बसतात आणि धाकटीला मांडीवर घेतात. मुलगा बसतच नाही, पुढच्या दोन सीटच्या मधे उभा राहून रस्ता बघतो. माझ्या भावाने बारशाला कारसीट दिली होती. दोनदा वापरली. पोरीने रडून आकांत केला. सासूबाई म्हणाल्या, 'एवढ्याशा लेकराला गुन्हेगारासारखं बांधता? माझी तीन मुलं माझ्या मांडीवरच मोठी झाली.' मिस्टर म्हणाले, 'गाडी पाच स्टारची आहे, आणि नाशकात चाळीसच्या वर जाते का कधी?' सीट माळ्यावर गेली. पुढच्या महिन्यात समृद्धीवरून छत्रपती संभाजीनगरला लग्नाला जायचंय आणि मला आत्तापासून झोप लागत नाही. सासूबाईंचा नातीवर फार जीव आहे, त्यांना दुखवायचं नाही. मी उगाच घाबरते आहे का? आणि उगाच नसेल, तर घरात कसं सांगू?"

– एक आई, पाथर्डी फाटा

तू उगाच घाबरत नाहीयेस. तुझ्या पत्रातल्या प्रत्येक गोष्टीवर बोलायचं आहे, पण त्यातली एक लग्नापर्यंत थांबू शकत नाही, म्हणून ती आधी. उद्या सकाळी दूध आणायला जरी गाडी काढलीत, तरी बाळ पुढच्या सीटवर नको. आजींच्या मांडीवर नको, तुझ्या नको, कुणाच्याच नको.

तुमची गाडी नवी आहे, म्हणजे पुढे दोन्ही बाजूंना एअरबॅग असणार. एअरबॅग म्हणजे मऊ उशी, असं आपल्याला वाटतं. ती उघडते त्या क्षणी मात्र उशी नसते. पापणी लवायच्या आत, ताशी ३०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने ती डॅशबोर्ड फोडून बाहेर येते. पट्टा लावून सीटला टेकून बसलेलं मोठं माणूस तिच्यापर्यंत पोहोचतं तेव्हा ती फुगून झालेली असते, म्हणून ते वाचतं. मांडीवरचं बाळ ती फुगत असतानाच तिच्या तोंडाशी असतं. समोरून एअरबॅग, मागून आजींचं पुढे फेकलं जाणारं अख्खं अंग, आणि मधे अकरा महिन्यांची पोर. गाडीत बाळासाठी याहून वाईट जागा नाही. याच कारणासाठी मागे तोंड करून बसवायची बेबी सीटही एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीच लावायची नसते. गाडीच्या सन व्हायझरवर त्याचं चित्र असतं, लाल फुलीचं. ते सासूबाईंना दाखव.

आता मांडीबद्दल. हे मी पुस्तकातून शिकले नाही.

माझा मुलगा दीड वर्षाचा होता. आम्ही नाशिकरोडहून द्वारकेकडे येत होतो. मी पुढे, तो माझ्या मांडीवर, माझे दोन्ही हात त्याच्या पोटाभोवती, बोटं एकमेकांत गुंतवलेली. उपनगरच्या पुढे एक सायकलवाला एकदम आडवा आला आणि ह्यांनी करकचून ब्रेक मारला. धडक झालीच नाही. सायकलवाल्याला खरचटलंही नाही. गाडी जेमतेम तिशीत असेल. माझी बोटं कधी सुटली ते मला आजही सांगता येणार नाही. मुलाचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं आणि भुवईच्या वर चार टाके पडले. तो आता स्वतः बाप झालाय, ती खूण अजून दिसते. त्या रात्री सगळे मला एकच विचारत होते, नीट धरलं नव्हतंस का? धरलं होतं गं. घट्टच धरलं होतं. पण घट्ट धरून काही होत नाही, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी कितीतरी वर्षं स्वतःलाच दोष देत राहिले.

तुझ्या मिस्टरांचा चाळीसचा वेग घेऊ. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. गाडी कशावर तरी आदळली की ती साधारण सेकंदाच्या विसाव्या भागात थांबते. गाडी थांबते, आतलं माणूस थांबत नाही, ते त्याच वेगाने पुढे जात राहतं. तेवढ्या वेळात ९ किलोच्या बाळाला थोपवून धरायचं, तर हातांवर २०० किलोंच्या आसपास ओढ येते. सासूबाईंना किलो-बिलो सांगू नकोस, क्विंटल सांग. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव ज्या क्विंटलवर निघतो, ते दोन क्विंटल. दोन क्विंटल कांदा एका क्षणात अंगावर आला तर तो दोन हातांनी कोण अडवणार? आणि समोरून आपल्यापेक्षा जड वाहन येत असेल तर हिशोब आणखी वाईट. मिस्टरांना वेगळ्या मापाने सांग: चाळीसच्या वेगात भिंतीला धडकणं म्हणजे सव्वासहा मीटरवरून खाली पडणं, साधारण दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून. गॅलरीच्या कठड्यावर आपण मूल बसवत नाही.

काही घरांत यावर तोडगा काढतात की आजींच्या पट्ट्यातच बाळालाही घ्यायचं, दोघांना मिळून एक पट्टा. हे तर मांडीपेक्षाही भयंकर आहे. धडकेत आजींचं सगळं वजन पुढे येतं, पट्टा जागच्या जागी आवळतो आणि बाळ त्या दोघांच्या मधे चिरडतं. एक पट्टा, एक माणूस.

आणि पाच तारे. ते खोटे नाहीत. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅपची चाचणी होते, त्यात मोठ्यांच्या सुरक्षेचे तारे वेगळे आणि मुलांच्या सुरक्षेचे वेगळे, मुलांसाठी ४९ गुण. पण ते गुण कसे मिळतात ते मिस्टरांना विचार. दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाएवढे पुतळे चाइल्ड सीटमध्ये पट्ट्यांनी बांधून गाडी धडकवतात, आणि मग पुतळ्यांच्या डोक्याला-मानेला काय झालं ते मोजतात. मांडीवरच्या बाळासाठी चाचणीच नाही, कारण ते वाचण्याची कुणी अपेक्षाच धरत नाही. तुम्ही पाच तारे विकत घेतलेत आणि त्यातले मुलांचे तारे माळ्यावर ठेवून दिलेत.

तेव्हा सीट खाली काढ. ती नेमकी कशी बसवायची आणि का, हे जरा सविस्तर सांगते, कारण सासूबाईंशी बोलायची किल्ली त्यातच आहे.

तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या अंगाच्या मानाने फार मोठं असतं. जन्मताच डोक्याची लांबी अख्ख्या अंगाच्या पावपट भरते, मोठ्या माणसाची आठव्या हिश्श्याच्या आसपास. त्या जड डोक्याखालची मान कोवळी, मणके अजून कूर्चेचे, पुरते हाड न झालेले. तोंड पुढे करून बसवलेल्या बाळाची गाडी धडकली तर धड पट्ट्यांनी थांबतं आणि डोकं पुढे फेकलं जातं, सगळा ताण मानेवर येतो. तेच बाळ गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसलं असेल, तर डोकं, मान, पाठ एकदमच सीटच्या पाठीत रुततात आणि धक्का सगळ्या अंगावर पसरतो. स्वीडनमधल्या बर्टिल आल्डमन यांनी १९६० च्या दशकात ही उलट्या तोंडाची सीट सुचवली, ती अंतराळवीरांच्या सीटवरून. प्रचंड झटका सोसायचा तर पाठीवर सोसावा, हे त्यांना तिथे दिसलं.

आपल्या बायकांना हे अंतराळवीरांच्याही आधीपासून माहीत आहे. सव्वा महिना तुझ्या लेकीला पायांवर घेऊन कोणी न्हाऊ घातलं? सासूबाईंनीच ना? मग त्यांना आठवून दे, त्यांचा एक हात सगळा वेळ कुठे होता. मानेखाली. पाणी ओतताना, तेल लावताना, दुपट्यात घेताना, 'मान धर, मान धर' हे त्यांनीच तुला शंभरदा सांगितलं असणार. मागे तोंड केलेली सीट म्हणजे तोच मानेखालचा हात, फक्त दोन क्विंटलला न सुटणारा. मला वाटतं, तुझ्या घरातलं अर्धं भांडण या एका वाक्याने मिटेल. 'तुमचं चुकतंय' असं म्हणायची वेळच येऊ देऊ नकोस. 'आई, तुम्ही जे शिकवलंत तेच ही सीट करते' असं म्हण.

'गुन्हेगारासारखं बांधता' यावरही त्यांच्याकडेच उत्तर आहे. दुपट्यात हातपाय आत घालून गच्च गुंडाळलेलं बाळ शांत झोपतं, तेव्हा आपण त्याला बांधलं म्हणत नाही.

'माझी तीन मुलं मांडीवर मोठी झाली' हे मात्र खरं आहे आणि ते खोडायला जाऊ नकोस. तेव्हा घरात गाडी नव्हती, प्रवास एसटीचा किंवा टेम्पोचा, वर्षातून चार वेळा, आणि मुंबई-आग्रा रस्ता आजच्यासारखा वाहत नव्हता. तुझ्याशी म्हणून सांगते, त्यांना सांगू नकोस: ज्यांची मुलं मांडीवरून गेली, त्या आया 'आमची वाढली की' असं सांगायला येत नाहीत. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाचा हिशोब असा, की कारमध्ये नीट लावलेली चाइल्ड सीट वर्षाच्या आतल्या बाळाचा अपघातात मृत्यू होण्याचा धोका ७१ टक्क्यांनी कमी करते, एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी. इतकं काम करणारी दुसरी वस्तू गाडीत नाही.

भावाने दिलेली सीट नक्की कोणती, ते आधी बघ. तिच्या मागे किंवा बुडाशी नारिंगी लेबल असेल. गोलात इंग्रजी 'ई' आणि शेजारी ४४ किंवा १२९ हा आकडा, म्हणजे ती संयुक्त राष्ट्रांच्या नियमांप्रमाणे तपासलेली आहे. ४४ असेल तर किती किलोंपर्यंत ते लिहिलेलं असतं, १२९ असेल तर किती उंचीपर्यंत. लेबलच नसेल, किंवा ती फक्त पुढे तोंड करून बसणारी असेल, तर ती तुझ्या लेकीसाठी आज उपयोगाची नाही. भावाचं मन न दुखवता दुसरी घ्या. साध्या पण तपासलेल्या सीट सहा-सात हजारांपासून मिळतात. कुणाची वापरलेली मिळत असेल तर ती अपघातात सापडलेली नाही हे अगदी जवळच्या माणसाकडून माहीत असेल तरच घ्यायची, आणि तिच्यावरची मुदतीची तारीखही बघायची, कारण उन्हात प्लास्टिक ठिसूळ होतं. १२९ च्या नियमात बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत तोंड मागेच ठेवायचं असतं. मी म्हणेन तिथेही थांबू नकोस. सीटवर लिहिलेलं वजन किंवा उंची भरेपर्यंत, दोन वर्षं, त्याच्याही पुढे, तिला तशीच बसव. पाय दुमडलेले दिसतात म्हणून लोक घाईने सीट फिरवतात. पोरं मजेत मांडी घालून बसतात, त्यांना काही होत नाही.

गाडीच्या मागच्या सीटची बैठक आणि पाठ जिथे मिळतात, तिथे हात घालून बघ. लोखंडी कड्या लागतील, त्या आयसोफिक्सच्या, म्हणजे चाइल्ड सीट गाडीला थेट अडकवायच्या. सीटलाही आयसोफिक्सचे दांडे असतील तर ते कड्यांत 'खट' वाजेपर्यंत सारायचे. नसतील तर गाडीच्या पट्ट्याने, सीटच्या पुस्तकात दाखवलंय तसंच. मग पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून जोरात हलव. बोटाच्या एका पेरापेक्षा, म्हणजे इंचभरापेक्षा, जास्त सरकता कामा नये. बहुतेक घरांत चूक इथेच होते, सीट चांगली असते आणि सैल बसवलेली असते. बाळाचे खांद्यावरचे पट्टे, तोंड मागे असताना, तिच्या खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून निघाले पाहिजेत. ते ओढून घट्ट केल्यावर खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून बघ. चिमटीत घडी आली तर अजून सैल आहे.

एक नाशिकची गोष्ट. निफाड गारठलं की आपण पोरांना दोन-दोन स्वेटर चढवतो. जाड स्वेटरवर लावलेला पट्टा घट्ट वाटतो, पण धडकेत लोकर दबते आणि पट्टा आतल्या आत सैल पडतो. पातळ कपड्यावर पट्टा लाव आणि वरून दुपटं पांघर. उन्हाळ्यात उलट, उन्हात उभ्या गाडीतलं बक्कल चटका देतं, बसवण्याआधी हात लावून बघ. आणि त्याच उन्हात पाच मिनिटांच्या कामासाठी मुलांना बंद गाडीत सोडून कधी उतरू नका. पहिल्या दहा मिनिटांतच आतलं तापमान दहाएक अंशांनी चढतं आणि लहान मुलाचं अंग आपल्यापेक्षा कितीतरी लवकर तापतं. काच थोडी उघडी ठेवून काही होत नाही.

आता रडण्याचं. अकरा महिन्यांच्या पोरीला दोनदा बसवून ती रडली, यात नवल काही नाही. तिच्या लेखी गाडी म्हणजे आजीची मांडी. सीट आधी घरातच ठेव, हॉलमध्ये, जमिनीवर. तिला तिथे खेळू दे, बाहुलीला पट्टा लाव, तिला बसवून दोन घास भरव, मग उचल. तीन-चार दिवसांनी गाडीत. पहिला फेरा पाथर्डी फाटा ते इंदिरानगर, तोही पोट भरलेलं आणि झोप झालेली असताना. एक नियम घरातल्या सगळ्यांनी पाळायचा: गाडी चालू असताना बाळ सीटमधून काढायचं नाही. रडली तर गाणं म्हणा, हात धरा. फारच झालं तर बाजूला सुरक्षित जागी गाडी थांबवा, उतरा, कडेवर घ्या, शांत झाली की परत सीटमध्ये. एकदा चालत्या गाडीत काढलीत की रडून सुटका होते हे तिला कळतं, आणि मग खरंच अवघड होतं. माझ्या नातीला सहा दिवस लागले. सातव्या दिवशी ती बक्कल स्वतः दाखवायला लागली.

बसायचं कसं, ते सांगते. सासूबाई पुढेच बसू देत, त्यांची मळमळ खरी आहे. फक्त मांडी रिकामी आणि पट्टा लावलेला, सीट जमेल तेवढी मागे. गाडी छोटी आहे, म्हणून बाळाची सीट डाव्या बाजूला, त्यांच्या मागे. त्यांच्या पायाला थोडी अडचण होईल, पण रस्त्याच्या कडेच्या बाजूनेच बाळाला चढवता-उतरवता येईल. मधे तू. उजव्या खिडकीशी मुलगा. आणि बाळाला सीटमध्ये ठेवून पट्टे लावायचं काम सासूबाईंना दे. खरंच दे. तुझ्या पत्रात 'फार जीव आहे' हे शब्द आहेत. तू त्यांच्या मांडीवरून नात उचलणार आहेस, तर त्या हातांना दुसरं काही द्यायला हवं. चिमटीची परीक्षा त्यांना शिकव. रोज न चुकता त्या घेतील, बघ. तरीही पटलं नाही, तर पुढच्या लसीला त्यांना सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोरच विचार. सुनेचं न ऐकणारी सासू बालरोगतज्ज्ञांचं ऐकते, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

मुलाकडे कुणाचं लक्ष नाही, याची मला बाळाइतकीच काळजी वाटते. दोन सीटच्या मधे उभं राहिलेलं मूल समोरच्या काचेकडे तोंड करून, काहीही आडवं न येता सुटतं. त्याला आजपासून खाली बसव. पण मोठ्यांचा पट्टा सहा वर्षांच्या मुलाला नुसता लावून भागत नाही. आपल्या कमरेच्या हाडाला वर जो कंगोरा असतो, पट्टा तिथे अडकून राहतो. लहान मुलांचं ते हाड अजून पुरतं घडलेलं नसतं, म्हणून पट्टा सरकून पोटावर येतो आणि धडकेत आतड्यांना, यकृताला इजा करतो. वरचा पट्टा गळ्याला घासतो, मग मुलं तो काखेखालून घेतात, म्हणजे वरचा भाग असून नसल्यासारखा. यावर उपाय बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी जादा बैठक, शक्यतो पाठ असलेला. बाळाच्या सीटपेक्षा बराच स्वस्त मिळतो. त्याने मूल उंच होतं आणि पट्टा खांद्याच्या मध्यावर आणि मांड्यांच्या मुळाशी बसतो. बूस्टर फक्त तीन टोकांच्या, म्हणजे खांदा आणि कंबर दोन्हींवरून जाणाऱ्या पट्ट्याबरोबर चालतो, आणि मधल्या जागेला कधीकधी नुसता कमरेचा पट्टा असतो, म्हणून मुलगा खिडकीशी आणि मधे तू. उंची साधारण १४५ ते १५० सेंटीमीटर होईपर्यंत, म्हणजे अकरा-बारा वर्षांपर्यंत, बूस्टर लागतो. पाठ सीटला टेकून गुडघे बैठकीच्या कडेवर नीट दुमडले, पट्टा मांडीवर आणि खांद्याच्या मधोमध आला, आणि तो प्रवासभर तसाच बसू शकला, की मग बूस्टर काढ.

त्याला उभं राहून रस्ता बघायचा असतो, आणि बूस्टरवर तो उंच बसतो, खिडकीतून सगळं दिसतं. हे त्याला आधी सांग. आणि त्याला गाडीचा कंडक्टर कर: सगळ्यांचे पट्टे लागले की त्याने डबल बेल मारायची, तोवर बाबांनी गाडी हलवायची नाही. सहा वर्षांची मुलं असली कामं फार इमानाने करतात. बाबा विसरले तरी ते विसरणार नाहीत. आता बऱ्याच गाड्यांना छताची खिडकी असते आणि त्यातून अर्धं अंग बाहेर काढून उभी केलेली मुलं गंगापूर रोडला दर रविवारी दिसतात. तुमच्या गाडीला नसेल, पण नातेवाइकांच्या गाडीत बसवताना लक्षात ठेव.

मिस्टरांसाठी दोन गोष्टी. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९४-ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्टा किंवा चाइल्ड सीटशिवाय गाडीत असेल तर चालवणाऱ्याला १००० रुपये दंड आहे. आणि मागे बसणाऱ्या मोठ्यांनाही पट्टा सक्तीचाच आहे. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा मागे बसलेले दोघं गेले आणि पुढचे दोघं जखमी होऊन वाचले. मागच्यांनी पट्टे लावलेले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी भारीतली होती. तू मधे बसून पट्टा लावला नाहीस, तर धडकेत तुझंच अंग दोन्हीकडच्या मुलांवर जाऊन आदळेल. तुझा पट्टा म्हणजे त्यांच्याच सुरक्षेचा भाग आहे. गडावरून येताना मागच्या काचेखालच्या फळीवर नारळाची पिशवी, पाण्याची स्टीलची बाटली, पितळी तांब्या असं ठेवू नका. धडकेत नारळही पुढे सुटतो. सगळं डिकीत.

मुलगा शाळेत स्कूटरवर जात असेल तर त्याचंही हेल्मेट हवं, चार वर्षांवरच्या सगळ्यांना ते सक्तीचं आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेटबरोबर चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टाही लागतो आणि वेग चाळीसच्या आत. २०२१ च्या १५ ऑगस्टला नाशकात 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' सुरू झालं, तेव्हा पंपावर दुसऱ्याचं हेल्मेट उसनं मागून पेट्रोल भरणारे बाप मी पाहिले, टाकीवर पोरगं बोडकं बसलेलं. दंड चुकवायला उसनं हेल्मेट मिळतं, पोराच्या डोक्याला मिळत नाही.

राहिलं लग्न. समृद्धीवर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. वेग चाळीसचा तिप्पट, आणि धडकेतली ऊर्जा नऊपट, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. शंभरच्या आत चालवायला सांग, अर्धा तास उशीर झाल्याने अक्षता चुकत नाहीत. निघण्याआधी टायरची हवा तपासा, तापलेल्या काँक्रीटवर टायर फार तापतात. लांबच लांब सरळ रस्त्यावर चालवणाऱ्याला डुलकी येते, म्हणून सकाळी झोप पूर्ण झाल्यावर निघा आणि रात्री जेवणं आटोपून परत फिरण्याचा बेत मुळीच करू नका. पाहुण्यांकडे मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी या. दोन तासांच्या आत एकदा थांबा, पण रस्त्याच्या कडेला नाही. शिर्डीच्या इंटरचेंजला बाहेर पडा, बाळाला सीटमधून काढा, तिला पाजा, पाय मोकळे करा. चालत्या गाडीत पाजू नकोस. आणि ऐन वेळी नणंद किंवा कुणी काका 'आम्ही पण येतो, सरकून बसू' म्हणाले, तर त्यांना ठक्कर बाजारातून एसटीत बसवून द्या. वाईटपणा यायचा तो तू माझ्या नावावर घाल, सांग की सदरातल्या ताईंनी बजावलंय, पट्टे पाच आहेत आणि माणसंही पाचच.

सीट माळ्यावरून काढलीस की कव्हर धुवून घे, बहुतेकांचं निघतं. पट्टे मात्र साबणात भिजवू नकोस, त्याने विणीची ताकद जाते. ओल्या फडक्याने पूस आणि सावलीत वाळव. लग्नाला महिना आहे, पोरीला सवय व्हायला तेवढे दिवस पुरे आहेत, पण आजच सुरू कर.